बेलभंडाऱ्याची गोळी

अफू सोडायची तर माणसाने ती आधी धरलेली असावी लागते, आणि या बाबतीत रंगराव माळ्याची तयारी चोख होती. मोटेच्या उतरत्या धावेवर बैल घसरला त्या साली रंगरावाची कंबर नाड्याखाली, मोटेच्या जाड दोराखाली, सापडली. गावातल्या जाणत्यांनी ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी पाण्याबरोबर घ्यायला सांगितली. कंबर बरी झाली, गोळी राहिली. पुढे ज्वारीचा मूग झाला, मुगाची तूर झाली, आणि त्या उन्हाळ्यापर्यंत तुरीचा टपोरा हरबरा झाला होता. रंगरावाच्या मळ्यात एवढं दुसरं काहीच वाढलं नव्हतं.

मळा पिंपळखुटीला, रोहिणखेडच्या अलीकडे. मिरची, वांगी आणि बांधाला थोडा कांदा. विहीर अर्धी रंगरावाची, अर्धी चुलतभाऊ भगवंतरावाची. दुपारपर्यंत याची मोट, दुपारनंतर त्याची.

चैत्रातल्या एका सकाळी वच्छलाबाई वाफ्यात पाणी वळवत होती. पाणी आलं, थोडं आलं, आणि थांबलं. तिने खोरं टेकवून धावेकडे पाहिलं. भरलेली मोट वर ओढताना बैल धावेवरून खाली उतरतात आणि हाकणारा नाड्यावर बसून आपला भार देतो. रंगराव तसा बसला होता. मोट विहिरीच्या काठच्या थारोळ्यात रिकामी होऊन लोंबकळत होती, बैल उताराच्या टोकाशी उभे होते, आणि रंगराव नाड्यावर हनुवटी छातीला लावून झोपला होता. जोडीतला हरण्या मधूनमधून मागे मान वळवून पाहत होता, की हा उठला का.

वच्छलाबाईने आवाज दिला नाही. दचकून पडला तर कुठे पडेल याचा नेम नव्हता. तिने आधी बैलांच्या कासऱ्याला हात घातला, आणि मग नवऱ्याच्या हातातला चाबूक काढून घेतला.

"उतरा."

"काऊन?" डोळे न उघडताच रंगराव म्हणाला.

"बैल आपल्या मनानं मागं सरले असते, तं तुमाले मोटेतून काढा लागलं असतं. उतरा. आजपासून मोट मी हाकतो. पाणी तुमी वळवा."

"बाईमानूस मोट हाकते कुठी?"

"झोपलेला मानूस हाकते कुठी?"

 गोळी पोटात असली की रंगरावाला सगळी उत्तरं दुसऱ्या दिवशी सुचत.

अशा रीतीने वच्छलाबाई लुगड्याचा काष्टा घट्ट करून नाड्यावर बसली आणि रंगराव खोरं घेऊन वाफ्यात उतरला. पाणी वळवणं हे पिंपळखुटीत बायकांचं काम. वाटेने जाणारं गाव थांबून पाही. भगवंतराव तर आपल्या पाळीच्या आधीच बाभळीखाली येऊन बसू लागला.

"काय गा रंग्या, बढती झाली म्हन्ते तुही."

"पाळी तुही दुपारून हाय, दादा. आत्ता काऊन आला?"

"पाह्याले. असं कुठी दिसते."

भगवंतरावही अफू खाई, पण त्याची बायको माहेरी असल्यामुळे त्याचा चाबूक त्याच्याच हातात होता.

रंगरावाने ते खोरं धरलं खरं, पण ते त्याच्या हाताला जड झालं. खोऱ्याच्या दांड्यापेक्षा चाबकाचा दांडा हलका असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. किती हलका, ते चाबूक गेलेल्यालाच कळतं. तिसऱ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "सोडली तं नाडा देशीन?"

"सोडा तं खरी."

"रोहिनखेडले दवाखाना निंगला म्हन्ते."

"जा मंग."

दवाखाना खरंच निघाला होता. खामगावच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेटने धर्मादाय म्हणून काढलेला, फक्त बाजाराच्या दिवशी सकाळी उघडणारा. त्याच रस्त्यावर, दहा दुकानं सोडून, मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारच्या परवान्याचं अफूचं दुकान होतं. ते मात्र रोज उघडं असे. दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता, इंद्रभान नावाचा कंपाउंडर होता, आणि या दोघांच्या वर वामनराव वकिलांचं व्यसननिवारण मंडळ होतं. डॉक्टर औषध देई, इंद्रभान ते घोटे, आणि वकील भाषण करीत. तिघांत सर्वांत कमी फुरसत वकिलांना होती.

वकिलांनी या कामात एक स्वतःची भर घातली होती. औषधाच्या आधी शपथ. ओसरीवर, बाजाराला जाणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून रोग्याने उभं राहायचं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही बोध होतो. एका हातात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घ्यायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "आजपासून मी अफूला शिवणार नाही. शिवलो तर माझ्या गोठ्याचं आणि घराचं बरं होणार नाही."

भगवंतरावही त्याच दिवशी आला होता. औषध फुकट होतं, हे त्याला कळलं होतं. त्याने जांभई द्यावी तितक्या सहज बेलभंडारा उचलला. बांधाचा दगड आपण सरकवला नाही म्हणूनही त्याने एकदा असाच उचलला होता, आणि तो दगड अजून दर पावसाळ्यात वीतभर सरकत होता.

रंगरावाची पाळी आली तेव्हा त्याचा हात थोडा थांबला. विहिरीच्या अर्ध्या हिश्श्याचा वाद पडला होता तेव्हा त्याच्या बापाजवळ, आबाजवळ, ना कागद होता ना साक्षीदार. आबाने गावासमोर बेलभंडारा उचलला, आणि गावाने तिथल्या तिथे विहीर अर्धी केली. कारण त्याआधी आबाने जन्मात तो कधी उचलला नव्हता. शपथेची ही पत, एवढीच घरात अशी मिळकत होती जिच्यावर सरकारी सारा लागत नव्हता.

"बोला, बोला," वकील म्हणाले. "मागे माणसं खोळंबलीत."

रंगराव बोलला. रस्त्यावरून वांग्याची पाटी घेऊन जाणारी एक म्हातारी थांबली, तिने ऐकलं, आणि "बिच्चारा" म्हणून पुढे गेली.

मग इंद्रभानने त्याला हळदीत लोळवलेली एक गोळी दिली, पाणी दिलं, आणि म्हणाला, "आ कर. जीभ वर कर. आता डाव्या गालातलं दाखव."

"बैल इकत घेऊन राह्यला का तू?" रंगरावाने विचारलं.

"लपवतात लोक."

"अजून काही राह्यलं पाह्याचं? शेपूट?"

आठवड्याच्या गोळ्या पुडीत बांधून तो घरी आला. आणि नवल असं की औषध लागू पडलं. जांभया आल्या, पण जबडा निखळेल अशा नाही. रात्री पोटऱ्या ओढल्या, पण झोप लागली. दुसऱ्या आठवड्याची गोळी पहिल्यापेक्षा अंमळ लहान होती, तरी चाललं. वाफ्यात उभ्या उभ्या त्याला मिरचीचा वास येऊ लागला. किती वर्षांत तो आला नव्हता.

"डाक्टर गुनाचा हाय," तो म्हणाला.

"पाहू," वच्छलाबाई म्हणाली. तिचे तळहात चाबकाने आणि कासऱ्याने सोलले होते. पण नाडा अजून तिच्याकडेच होता.

तिसऱ्या आठवड्याच्या गोळ्या आल्या आणि हरण्या लंगडू लागला. उजवा पुढचा पाय टेकवेना. खुरात गरम लागे, डोळा पाणावे. मोट निम्म्यावर आली. मिरचीची पानं दुपारी कानासारखी लोंबू लागली.

वच्छलाबाईने बैलाचा पाय मांडीवर घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"शपथ मोडली?"

"नाई वो."

"दुकानावर गेल्ते?"

"बाजारातून सरका घरी आलो. उकंडरावले विचार, तोही दवाखान्यातच येते, सोबत होता."

"मंग बैल काऊन लंगडते? गोठ्याचं नाव घेतलं होतं ना तुमी?"

रंगरावाला स्वतःलाच शंका आली. माणूस झोपेत काय करतो कोणाला माहीत. त्याने कमरेची चंची झाडली, कोनाडा पाहिला, गोठ्यातलं जुनं मडकं पाहिलं. अफू कुठेच नव्हती. उरली फक्त दवाखान्याची पुडी. ती गोळी तो आजवर इंद्रभानने शिकवल्याप्रमाणे घटकन गिळत होता. आज त्याने ती जिभेवर ठेवली आणि दातांनी फोडली.

आधी हळद आली. मग गूळ आला, मग सुंठ. आणि त्या तिघांच्या मागून, पागोटं बदलून आलेला सोयरा चालीवरून ओळखू यावा तसा, तो जुना कडूपणा आला.

 मग त्याने दुसरी गोळी फोडून अर्धी तिच्या हातावर ठेवली. "पाह्य."

वच्छलाबाईने जिभेच्या टोकाला लावली. लेकरं तान्ही होती तेव्हा कापूस वेचायला जाताना त्यांना झोळीत निजवण्यासाठी ती बोटाच्या टोकाने हेच चाटवत होती. पिंपळखुटीतली सगळी बायामाणसं चाटवत. ती लगेच थुंकली.

"थेच हाय."

"म्हंजे रोज सकाळी आंघोळ करून मी शपथ मोडून राह्यलो."

"तुमाले का माईत होतं?"

"बेलभंडाऱ्याले माईत होतं ना."

वच्छलाबाई बैलाच्या खुरावरून हात फिरवत राहिली. शेवटी म्हणाली, "पन गुन तं येऊन राह्यला होता."

"येऊन राह्यला होता," रंगराव म्हणाला, आणि उरलेली पुडी बांधून चंचीत टाकली.

त्याच संध्याकाळी तिने सुईने खूर कोरून आतला बाभळीचा काटा काढला. पू वाहून गेला, बैल पाय टेकवू लागला. बैल काट्यामुळे लंगडत होता की शपथेमुळे, यावर घरात वाद झाला नाही. काटा निघाला त्याच दिवशी गोळी बंद झाली होती, त्यामुळे दोन्ही बाजूंचा पुरावा सारखाच होता.

पुढचा बाजार येईपर्यंतचे दिवस रंगरावाने कसे काढले ते वाफ्यांना ठाऊक. चैत्राच्या उन्हात त्याच्या अंगावर थंडीचा काटा आला. नाकाला धार लागली, पाय रात्रभर खाट लाथाडत राहिले. पोट तर असं सुटलं, की वांग्यांना त्या आठवड्यात खताची ददात पडली नाही. तरी बाजाराच्या दिवशी तो काठी टेकत रोहिणखेडला गेला आणि ओळीत उभा राहिला.

"आ कर," इंद्रभान म्हणाला.

"आधी सांग, याच्यात काय हाय."

"औषध."

"औषधात काय हाय?"

इंद्रभानने डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टरने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. बुटांनी काही सांगितलं नाही, म्हणून वकील पुढे झाले.

"रोग्यानं औषधाची चौकशी करायची नसते. काय तक्रार आहे तुझी?"

"तकरार नाई, सायेब. औषध लय चांगलं हाय. मले पाह्यजे. फक्त एक करा. त्याच्यात अफीम हाय म्हून सांगा अन् माही शपथ वापस घ्या. मी उभ्या उभ्या खातो. नाईतं शपथ ठेवा अन् अफीम काढा. दोन्ही एका पोटात बसत नाई."

ओळीतली माणसं, जी इतका वेळ बाजारभाव बोलत होती, ती ऐकायला पुढे सरली.

आता वकिलांची अडचण अशी, की दवाखान्यात अफूचा कणही वापरत नाही, सगळं शुद्ध वनस्पतींचं आहे, असं त्यांनी शेटला आणि देणगीदारांना भर सभेत सांगितलं होतं. अफू ही वनस्पतीच आहे, हे त्यांना त्या वेळी आठवलं असतं तर बरं झालं असतं.

"इथे अफू नाही," ते म्हणाले.

"मी वीस साल खाल्ली, सायेब. तुमी वकिली किती साल केली?"

"याला बाहेर काढा."

"काढू नका. जातो."

रंगराव ओसरी उतरला. ओळीत त्याच्या मागे उकंडराव होता. त्याने इंद्रभानच्या हातातली गोळी उचलून दातांनी फोडली, चव घेतली, आणि तोही उतरला. मग आणखी एक. मग सिंदखेडकडून पाहुणा म्हणून आलेला एक पोक्त माणूस. ज्यांना शपथेची चाड होती ते एकेक करून निघाले. ज्यांना नव्हती ते जागेवर राहिले, आणि जागा झाली म्हणून बाकावर बसले. भगवंतराव सर्वांत पुढे बसला.

"पाहिलंत?" वकील डॉक्टरला म्हणाले. "व्यसनी माणसाचं मन मुळातच दुबळं. टिकतात ते असे."

 ते ऐकून रंगराव रस्त्यातून परत फिरला. ओसरीपुढच्या तुळशीजवळ वाळत घातलेल्या बेलाच्या ढिगातून एक पान उचलून त्याने पागोट्यात खोचलं.

घरी येताना तो परवान्याच्या दुकानावर थांबला. हे वच्छलाबाईला त्याने स्वतःच सांगितलं आणि तिथल्या अफूची पुडी तिच्या हातात दिली.

"मंग सोडली कशी?"

"चाल विहिरीवर."

थारोळ्यापाशी उभं राहून त्याने तेच पान आणि घरची हळद हातावर घेतली. ऐकायला वच्छलाबाई होती आणि दोन बैल होते. रस्ता दूर होता.

"आज जितकी खाईन, उद्या त्याच्याहून कमी," तो म्हणाला. "कधी जास्त नाई. जास्त खाल्ली तं ही अर्धी विहीर माही नाई."

"विहिरीचं नाव काऊन घेतलं?" वच्छलाबाई दचकली.

"गोठ्याचं घेऊन पाह्यलं ना."

त्या दिवशी तिने नखाने तुरीएवढी गोळी तोडली. दुसऱ्या दिवशी तुरीची कड काढली. गोळी वळायची तिने, खायची त्याने, आणि कालच्या गोळीशी ताडून पाहायची दोघांनी. दवाखान्यासारखं तोंड उघडायला तिने कधी सांगितलं नाही. काही दिवस बरे गेले. काही दिवस तो खोऱ्यावर ओणवा होऊन ओकला, आणि पाणी भलत्या वाफ्यात गेलं. एकदा तो वांग्यांत गुडघे पोटाशी घेऊन पडला तेव्हा तीच म्हणाली, "आज कालच्याइतकीच घ्या. कोन पाह्यते?"

"शपथ हाय."

"मंग शपथच जराशी लहान घ्याची होती."

"त्या टायमाले सुचलं नाई."

ती हसली. मग तिने पदराने त्याचं तोंड पुसलं आणि त्या दिवसाची गोळी इतकी बारीक कमी केली, की ती कमी झाली हे फक्त बेलभंडाऱ्यालाच कळावं.

तूर गेली, मूग आला. वैशाखातल्या एका सकाळी रंगराव नेहमीप्रमाणे खोऱ्याकडे वळला, तर खोरं जागेवर नव्हतं. ते वच्छलाबाईच्या खांद्यावर होतं. चाबूक धावेच्या दगडावर ठेवलेला होता. ती मागे न पाहता वाफ्याकडे चालली होती.  रंगरावाने बैल जुंपताना हरण्याच्या कपाळावर जरा जास्त वेळ हात ठेवला.

मंडळ आलं ते त्यानंतर. रोगी दवाखाना का सोडतात याची चौकशी करण्याचं ठरलं होतं, कारण शेटने तसं विचारलं होतं. हलक्या बैलगाडीतून, दमणीतून, आधी वामनराव वकील उतरले, मग डॉक्टर. मोट चालू होती. वकिलांनी हात वर केला. मोट चालूच राहिली.

"थांबव जरा. काही विचारायचं आहे."

"थांबता येत नाई, सायेब. दुपारून पाळी दुसऱ्याची हाय. विचारा तुमी, मी ऐकून राह्यलो."

म्हणून वकील धावेवर त्याच्याबरोबर चालू लागले. बैल खाली उतरले की तेही खाली. बैल मागे सरत वर आले की तेही वर.

"दवाखाना का सोडलास? आळस?"

रंगराव नाड्यावर बसून खाली गेला, थारोळ्यात पाणी पडल्याचा आवाज ऐकला, बैल मागे घेतले, आणि वर आल्यावर म्हणाला, "तुमी दोन खेपात दमले. आळस कोनाले म्हन्ता?"

"मग लाज? ओसरीवर उभं राहण्याची?"

"लाज ओसरीची नाई. खोट्या शपथेची."

"अंतर फार पडतं?"

"दुकानही तठीच हाय. मी जातो ना तठी."

वकिलांनी रुमालाने मान पुसली. "जे टिकले ते बरे झाले. तुझ्याच चुलतभावाचा आम्ही हार घालून सत्कार केला."

रंगरावाने चाबकाच्या दांड्याने बाभळीकडे दाखवलं. तिथे भगवंतराव आपल्या पाळीची वाट पाहत होता. म्हणजे तोंड उघडं टाकून, एका गालावर माशी बसू देऊन, तो गाढ झोपला होता. दवाखान्याची गोळी सकाळी आणि दुकानाची दुपारी, असा त्याचा परिपाठ बसला होता. सत्काराचा हार, वाळलेला, बाभळीच्या फांदीला टांगला होता.

"थे पाहा तुमचे बरे झालेले. उठवू का?"

"नको," डॉक्टर म्हणाला. इतक्या वेळात तो पहिल्यांदाच बोलला. त्याने खिशातून एक डबी काढली. "रंगराव, तुमच्या राहिलेल्या गोळ्या मी वेगळ्या ठेवल्या होत्या. घ्या. शपथ नको, तोंड उघडून दाखवणं नको."

रंगरावाने त्या दिवशी पहिल्यांदा बैल थांबवले. "याच्यात काय हाय, सायेब?"

वकील खाकरले. वाफ्यातून वच्छलाबाई खोरं टेकून पाहू लागली.

"अफू," डॉक्टर म्हणाला.

"डॉक्टर," वकील म्हणाले.

"पहिल्या दिवसापासून होती. एकदम तोडली तर शरीर सोसत नाही, म्हणून हळूहळू कमी करत आणायची असते. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"हाव. सांगाले पाह्यजे होतं," रंगराव म्हणाला. त्याने हात पुढे केला. डॉक्टरने हळदीची पिवळी गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. रंगरावाने चंचीतून स्वतःची त्या दिवसाची गोळी काढून शेजारी ठेवली. ती काळी, ओबडधोबड, ज्वारीच्या दाण्याएवढी होती. दोन्ही त्याने उन्हात धरून पाहिल्या.

"हे मोठी हाय, सायेब. माह्या शपथेत बसत नाई." त्याने पिवळी गोळी परत केली. "उकंडरावले नेऊन द्या. तो अजून हरबऱ्यावर हाय. पन त्याले असंच सांगून द्या, आत्ता सांगितलं तसं. तो घेईन."

डॉक्टरने डबी बंद केली. "ज्वारीनंतर काय?"

"मोहरी."

"आणि मग?"

"मंग खसखस," रंगराव म्हणाला. "जठून आली तठी."

डॉक्टर हसला. वकील हसले नाहीत. ते धावेच्या मधोमध उभे होते आणि म्हणत होते, की असं असेल तर मंडळाच्या यादीतून तुझं नाव कायमचं कमी करावं लागेल, पुढे पश्चात्ताप झाला तरी मंडळ विचार करणार नाही, आणि निदान झालं गेलं चुकीचं होतं एवढं तरी तू इथे सर्वांसमोर कबूल कर.

रंगरावाने आपली काळी गोळी जिभेवर ठेवली, चाबूक उचलला आणि तोंडाने चुचकारलं. हरण्या आणि त्याचा जोडीदार, रुंद पुठ्ठे वकिलांकडे करून, पावलापावलाने मागे सरत धाव चढू लागले.

"वकीलसायेब, बाजूले व्हा," रंगराव म्हणाला. "बैलायले मागं सरता येते. तुमचं तुमी पाहा."